गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर विम्यात बायकोचं नाव वेगळं घालावं लागतं का?

तुम्ही विचारलंय की गाडी आणि पॉलिसी दोन्ही नवऱ्याच्या नावावर आहेत, आता तुम्हीही चालवणार आहात, तर दुसरा ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव कसं घालायचं आणि हप्ता किती वाढेल.

घालायचं नाही. वाढत नाही. आपल्याकडे खासगी कारचा विमा गाडीचा असतो. पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि 'ड्रायव्हर्स क्लॉज' शोधा. विमाधारकासह कोणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, फक्त अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध लायसन्स हवं आणि लायसन्ससाठी ती अपात्र ठरलेली नसावी, अशा अर्थाचा मजकूर तिथे असतो. 'कोणीही'मध्ये बायको बसते. हा मजकूर मी आमच्या घरात इतक्यांदा वाचून दाखवलाय की आता पाठ झालाय.

वाचून दाखवायची वेळ आणली थोरल्या भाऊजींनी. त्यांचा मोठा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे घरातलं कोण कोण गाडी चालवतं हे कंपनीला कळवावं लागतं आणि हप्ता त्यावर ठरतो. ब्रिटनमध्येही पॉलिसीत चालकांची नावं घालतात. भाऊजींनी ते फोनवर ऐकलं आणि आमच्या दारातल्या गाडीला लागू करून टाकलं. "पॉलिसीत तुझं नाव नाही, काही झालं तर कंपनी हात वर करील." नवरा गप्प. लायसन्स पर्समध्ये आणि मी डावीकडच्या सीटवर, असं बरंच चाललं.

इथला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणाऱ्या भागाचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनावर ठरतो: 1000 सीसीपर्यंत एक दर, 1000 ते 1500 दुसरा, त्यावर तिसरा. चाकामागे कोण बसलंय याचा त्यात रकानाच नाही. हे मी सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "तुला एजंटपेक्षा जास्त कळतं का?"

मग नवऱ्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. फिजिओथेरपीला नेणार कोण? मीच न्यायला लागले. एकदा येताना सिग्नलला उभी होते, पुढचा टेम्पो उतारावर मागे आला आणि आमचा बंपर, बॉनेट, डावा दिवा सगळं आत गेलं. टेम्पोवाला पसार. घरी पोचेपर्यंत भाऊजी हजर, आणि त्यांचा सल्ला काय? "क्लेम फॉर्ममध्ये ह्याचंच नाव टाका. कोण बघायला येतंय?"

म्हणजे गुडघा उघडून शिवलेला माणूस भर रहदारीत ब्रेक दाबत होता असं त्याच्याच सहीने लिहून द्यायचं, आणि त्याच आठवड्यातले दवाखान्याचे कागद घरात! तुम्हाला एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच सांगेन. बायको चालवत होती म्हणून क्लेम अडकत नाही. बायको चालवत असताना नवऱ्याचं नाव लिहिलं तर अडकतो, कारण खोटी माहिती दिली हे क्लेम नाकारायला पुरेसं कारण आहे. फॉर्ममध्ये गाडी कोण चालवत होतं, वय, लायसन्स नंबर, मालकाशी नातं, असे रकानेच असतात. नातं या रकान्यात मी 'पत्नी' लिहिलं, ठळक अक्षरात.

सर्व्हेयर आला, माझं लायसन्स मूळ प्रतीशी ताडून पाहिलं, आरसी पाहिली, फोटो काढले. नाव पॉलिसीत का नाही, हा प्रश्न त्याच्या तोंडून निघालाच नाही. क्लेम पास झाला. कापले ते सक्तीच्या डिडक्टिबलचे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्याच खिशातून जाणारे 1000 रुपये आणि बंपरवरचा 50 टक्के घसारा, कारण प्लास्टिकच्या भागांना तेवढा लागतो आणि आमची पॉलिसी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी, नव्हती. नवरा चालवत असता तरी हेच कापलं असतं.

एवढं होऊनही भाऊजी हरले नाहीत. नूतनीकरणाला एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला तेव्हा म्हणाले, "बघ, तुझ्यामुळे गेला." एनसीबी क्लेम केल्यामुळे जातो, चालवणाऱ्यामुळे नाही. शिवाय ती सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. आमच्या दुरुस्तीचं बिल त्या सुटीच्या कितीतरी पट होतं. तुमच्याकडे किरकोळ ओरखडा असेल तर मात्र आधी हा हिशोब करा आणि मगच क्लेमचं बघा.

आणि हेच भाऊजी आपल्या धाकट्या मुलाला, सतराव्या वर्षी, "जरा हात बसू दे" म्हणून किल्ली देत होते. मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ त्यांनी वाचलं असतं तर बरं झालं असतं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, वर गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. विनापरवाना चालकाने कोणाला उडवलं तर कोर्ट बहुतेकदा कंपनीला पीडिताचे पैसे द्यायला लावतं आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. धोका कोणाच्या हातात होता ते तुम्हीच ठरवा.

आता एक अडचण, जी खरं तर वर लिहायला हवी होती. पॉलिसीतलं 15 लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कवच 'ओनर-ड्रायव्हर'चं असतं, म्हणजे नोंदणीकृत मालकाचं. तुम्ही चालवत असताना तुमचंच काही बरंवाईट झालं तर ते तुम्हाला लागू नाही. मालकाच्या परवानगीने चालवणारा त्याच्या जागी धरला जातो, त्यामुळे चूक आपलीच असेल तर थर्ड पार्टी म्हणूनही काही मिळत नाही. नाव घालायचंच असेल तर इथे घाला: पॉलिसीत नाव घातलेल्या व्यक्तीसाठी अपघात कवच थोड्या जादा हप्त्यात मिळतं, ते कंपनीला विचारा. मी सरळ स्वतःच्या नावाची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतली.

लर्निंग लायसन्सवर असाल तर शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस आणि काचेवर 'एल' हवाच. मुदत संपलेलं लायसन्स आणि दारू, या दोन्हींत कोणतीच पॉलिसी तुमची बाजू घेणार नाही. पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याच्याबद्दलच्या कायदेशीर जबाबदारीचा छोटासा हप्ता वेगळा भरावा लागतो. भाऊजींकडे आता ड्रायव्हर आहे. त्यांच्या पॉलिसीत त्या ओळीपुढे शून्य आहे. विचारलं तर म्हणतात, "ते एजंट बघतो."