यूएस आर्मीत जायचंय पण डिप्रेशनची हिस्ट्री आहे? आधी हे कर

अरे, आधी एक कर, जे औषध चालू आहे ते आर्मीसाठी म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, बरेच जण नेमकं हेच करतात आणि मग रिलॅप्स झाला (आजार उलटला) की वेव्हर, म्हणजे नियमातून मिळणारी खास सूट, आणखी लांब जातो. डिप्रेशनसाठी नियम साधारण असा की गेल्या 36 महिन्यांत लक्षणं किंवा उपचार नकोत, काउन्सेलिंग एकूण 12 महिन्यांपेक्षा जास्त नको, हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झालेलं नको. यात बसत नसशील तर वेव्हर.

- लपवू नकोस. रिक्रूटर म्हणाला "लिहू नको" तरी नाही, 2022 पासून मेप्समध्ये (भरतीची मेडिकल तपासणी होते ते केंद्र) जेनेसिस ही मेडिकल रेकॉर्ड्सची सिस्टीम आहे, जुनी प्रिस्क्रिप्शन्स त्यात दिसू शकतात, आणि खोटं सांगून भरती होणं हा गुन्हाच आहे.
- सगळे मेडिकल रेकॉर्ड्स आधीच मागवून ठेव आणि स्वतः वाच. (आई-बाबांना माहीत नसेल तर टपाल घरी जाणार नाही ते बघ, आपल्याकडे हा घोळ होतोच.)
- मेप्सने डिसक्वालिफाय केलं म्हणजे संपलं नाही. वेव्हर मेप्स देत नाही, ती ती सर्व्हिस देते, आर्मीने नाही म्हटलं तरी नेव्हीत विचारता येतं.

अपील वगैरेचं नंतर बोलू, आधी रेकॉर्ड्स आण.