कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर मिठाचं पाणी पाजू नका

तुम्ही विचारलंय, कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून घरीच उलटी करवावी का? नाही. मीठ खाली ठेवा आणि आधी डॉक्टरांना फोन लावा. एरवी मी इथे फारसं लिहीत नाही, पण हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमचा गुंड्या सात किलोचा पॉमेरेनियन. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या रात्री मी केक करत होते आणि कोको पावडरचा डबा ओट्याच्या कडेला राहिला. नऊच्या सुमारास डबा खाली पडला. मी बाहेरून येईपर्यंत गुंड्याने तीन-चार चमचे तरी चाटून साफ केले होते. माझे थोरले दीर तेव्हा आमच्याकडेच होते. म्हणाले, "अगं, मिठाचं पाणी पाज, ओकून टाकेल." मी नको म्हणेपर्यंत जबडा धरून त्यांनी दोन वाट्या पाणी पाजलंसुद्धा. तो एकदा ओकला, थोडं तपकिरी पाणी पडलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला. दादा म्हणाले, "झालं, मोकळा झाला." सगळ्यांनी ते मानलं. मीही मानलं, आणि तेच मला आजही टोचतं.

पहाटे दोनला तो उठला तो बसेचना. धापा टाकत येरझाऱ्या, भांडंभर पाणी पिणं, घरभर शू. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येईनात. रात्री उघडा असलेला दवाखाना गाठेपर्यंत पाय थरथरायला लागले होते.

तिथे कळलं की खरं विष म्हणजे कोकोतलं थिओब्रोमिन. माणसाच्या शरीरातून ते लवकर निघून जातं, कुत्र्याच्या शरीरात निम्मं व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या-जुलाब, ४०-५० ला हृदयावर परिणाम, ६० च्या आसपास झटके. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५ किंवा जास्त, आणि कोको पावडरमध्ये २० च्या घरात. पंधरा ग्रॅम पावडर म्हणजे ३०० मिलिग्रॅम. सात किलोच्या जिवाला! यावर उतारा नाही. सलाईन, ठोके आवरायची इंजेक्शनं, कोळशाचं औषध, आणि सारखं शू करायला नेणं, कारण मूत्राशयात साचलेलं विष परत रक्तात शोषलं जातं. वर मिठामुळे रक्तातलं सोडियम वाढलेलं, ते हळूहळू खाली आणणं वेगळंच. नुसत्या मिठानेही कुत्र्याला झटके येतात, जीवही जातो.

तिसऱ्या दिवशी गुंड्या घरी आला. दादा मात्र आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, "मी मिठाचं पाणी पाजलं म्हणून वाचला." दादा, नाही. तो दोन रात्रींच्या सलाईनने वाचला. पहिले काही तास कुत्रा ठीकच दिसतो, लक्षणं बहुधा सहा ते बारा तासांत दिसतात. आपण नऊलाच निघालो असतो तर दवाखान्यात इंजेक्शन देऊन नीट उलटी करवता आली असती. त्याचा सर्वांत जास्त उपयोग पहिल्या एक-दोन तासांत असतो. त्या "मोकळा झाला"ने पाच तास गेले.

तुम्ही वेष्टन बरोबर घ्या, कुत्र्याचं वजन आणि खाल्ल्याची वेळ सांगा. शुगर-फ्री असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का बघा, ते आणखी वाईट. बेदाणे घातलेलं असेल तर तेही सांगा. आम्ही नाशिकचे, घरात बेदाणे कायम, पण ते कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

तीस किलोच्या लॅब्राडोरने मिल्क चॉकलेटचा एक चौकोन खाल्ला तर बहुतेक वेळा काही होत नाही, हेही खरं. पण ते फोनवर डॉक्टरांना ठरवू द्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना नको. तुमचा कुत्रा किती किलोचा आहे आणि त्याने नेमकं काय खाल्लंय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला नंतर कळवा, आधी फोन करा.