घर आत्ता नको, पण दोन खोल्या भाड्याने घ्या

पत्राचा गोषवारा इतर वाचकांसाठी आधी देते. वय २५, चार वर्षांची नोकरी. वडिलांची दारू आणि उधारी यांत बालपण गेलं. भाडं थकलं म्हणून सहा घरं बदलावी लागली, साठवलेला गल्ला दोनदा फोडला गेला आणि शिष्यवृत्ती ज्या खात्यात जमा व्हायची ते खातं वडीलच चालवायचे. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं. आज एका खोलीत भाड्याने राहताय, पगारातला तिसरा हिस्सा शिल्लक टाकताय. एक छोटं घर पसंत करून इसारही देऊन झालाय. गृहकर्ज मंजूर होतंय, मात्र साठवलेलं सगळं त्यात जाणार. तुमचा प्रश्न असा: "घर घेऊ ना? मला पुन्हा कुणी बाहेर काढू नये, एवढंच हवंय." त्याखाली ताजा कलम: धाकटा भाऊ १७ वर्षांचा आहे, अजून त्याच घरात आहे. वडील 'त्याच्या भविष्यासाठी' म्हणून धंद्याचं कर्ज काढताहेत आणि जामीनदार म्हणून तुमची सही मागताहेत.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. हे घर आत्ता घेऊ नका. सहीला नाही म्हणा. दुसऱ्या उत्तराला अपवाद नाही. पहिल्याला आहे, त्यावर बोलू.

तुम्ही आकडे सविस्तर दिलेत. तुमची ओळख राहू नये म्हणून दरमहा हातात येणारा पगार १०० धरून लिहिते. आज भाड्याला २२ जातात, बाकीच्या खर्चाला ३४, आई-भावाला साधारण १०, आणि ३४ उरतात. शिल्लक १०५० आहे. घराची किंमत ५०००, म्हणजे पन्नास पगार. स्वतःचे १००० घालायचे, ४००० चं कर्ज. व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षं, म्हणून हप्ता ३६. देखभाल आणि घराचे कर धरून ४०. भाड्याचे २२ वाचतील, तेव्हा खर्च १८ नेच वाढतो. तुमच्या वहीतलं हे गणित बरोबर आहे, आणि ते पाहून बँकेचा माणूस खूश झाला असेल तर नवल नाही.

वहीत एक ओळ नाही. सरकारी शुल्क, नोंदणी, कागदपत्रं, आत राहायला जाण्यापुरती डागडुजी यांचा अंदाज तुम्हीच वेगळ्या कागदावर ३५० लिहिलाय. शिल्लक उरते ५०. उरलेले ३०० पर्सनल लोनने भागवायचे असं ठरवलंत. ते १४ टक्क्यांनी, तीन वर्षांत फेडायचं तर हप्ता १० च्या थोडा वर जातो. आता बेरीज करा: ४०, १०, ३४ आणि घरी पाठवायचे १०. झाले ९४. हातात राहतात ६, आणि गाठीला शून्य.

नोकरी गेली तर काय, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. तुमच्याबाबतीत त्याचं वजन जास्त आहे. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं सांगतात. त्या सल्ल्यामागे एक न बोललेलं गृहीतक असतं: अगदीच वाईट वेळ आली तर आईवडिलांकडे परत जाता येईल. तुम्हाला तो रस्ता नाही. म्हणून तुमचा आकडा नऊ महिन्यांचा, म्हणजे ६०० च्या आसपास. आजच्या घडीला, भाड्याच्या खोलीत, उद्या पगार थांबला तरी भावाचे पैसे चालू ठेवून तुम्ही जवळपास १६ महिने तगू शकता. घर घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तेच एक महिनाही नाही. "मला कुणी बाहेर काढू नये" या इच्छेपोटी तुम्ही अशा जागी जाताय, जिथून बाहेर काढण्याचा अधिकार बँकेकडे असेल, आणि साहेबाला राजीनामा देण्याची मोकळीक वीस वर्षं नसेल. पत्रात साहेब ओरडतो, अंगावर येतो असं लिहिलंय. मला ती ओळ घराच्या किमतीपेक्षा महत्त्वाची वाटली.

आता "भाडं वाया जातं" या वाक्याकडे वळू. तुमच्या सहकाऱ्याने ते ऐकवलंय, आणि हे वाक्य कुणीच तपासून पाहत नाही. पहिल्या महिन्याच्या ३६ मधले ३० व्याज असतात, मुद्दल फिटते ६. तीन वर्षांत तुम्ही १२९६ भराल, त्यातले साधारण १०५० व्याजात जातील. पाच वर्षांत भराल २१६०, मुद्दल कमी होईल फक्त ४५० च्या आसपास. तीन वर्षांचं भाडं मात्र ७९२, थोडं वाढलं तर साडेआठशे. वाया जाण्याची स्पर्धाच लावायची तर पहिली काही वर्षं व्याजच जिंकतं.

घराच्या बाजूनेही प्रामाणिकपणे मांडते. किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली, तर तीन वर्षांत ५००० चे ५७८८ होतात. ही वाढ घेतलेल्याच्या पदरात पडते, थांबलेल्याच्या नाही. व्याज, देखभाल आणि सुरुवातीचा खर्च धरले तर घेणाऱ्याचे तीन वर्षांत साधारण १६०० जातात. त्यातून किमतीतली वाढ वजा करा, उरतात ८०० च्या आसपास. भाड्याचंही तेवढंच. म्हणजे पैशांच्या हिशोबात जवळपास बरोबरी. किंमत ५ ऐवजी ८ टक्क्यांनी वाढली तर घेणारा पुढे, २ टक्क्यांनी वाढली तर मागे. यातलं काय होईल हे सांगता येत असतं तर मी हा सदराचा उद्योग केला नसता. पण नफ्यातोट्यात बरोबरी असताना एका बाजूला १६ महिन्यांचा श्वास आहे आणि दुसरीकडे एकाचाही नाही. निवड तिथे होते.

अपवाद म्हणाले तो हा: नऊ महिन्यांची शिल्लक बाजूला ठेवूनही अग्रिम रक्कम, म्हणजे स्वतःचे घालायचे ते १०००, आणि सुरुवातीचा खर्च भागत असता, तर मी "घ्या" म्हटलं असतं. माझा घरावर राग नाही.

एवढं सगळं तुम्हाला आकड्यांत कळत असूनही हात घराकडेच जातो, यात मूर्खपणा नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. समोर गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, थोडं थांबलास तर दोन मिळतील. हा जुनाच खेळ, पण इथे त्याआधी मुलांना रंग आणि स्टिकर आणून देण्याचं वचन दिलं होतं. काहींना ते मिळाले, काहींच्या वाट्याला फक्त "अरे, सॉरी, नाहीयेत" एवढंच आलं. वचन पाळलेलं पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. फसवलेली मुलं साधारण ३. मुलं मोजकी होती, फक्त २८, त्यामुळे यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण मला त्यातला साधा मुद्दा पटतो: ज्याच्या अनुभवात "नंतर" कधी आलंच नाही, त्याने "आत्ता"ला धरणं हा संयमाचा अभाव नसतो, तो हिशोब असतो. तुमचा गल्ला दोनदा फुटला. पैसा भिंतीत चिणून टाकला की कुणाला नेता येणार नाही, असं तुमच्या मनाने ठरवलंय. तेव्हा ते बरोबरच होतं. आज खातं तुमच्या एकटीच्या नावावर आहे, त्यामुळे रोख शिल्लकही भिंतीइतकीच सुरक्षित आहे. हे पटायला वेळ लागेल. म्हणून दरमहा पगाराच्या १०० मधले ३-४ समुपदेशनासाठी धरा असं मी सुचवते, आणि ते 'चैन' या रकान्यात लिहू नका.

घरात रोख लपवून ठेवता असं लिहिलंय, तेही पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही. आठवडाभराच्या खर्चाइतकी ठेवा. बाकीची खात्यात.

आता ताजा कलम. तुम्ही तो शेवटी लिहिलात, पण माझ्या मते पत्र तिथून सुरू होतं. घर हवंय ते भावाला आणायला. "मी सुटले, तो राहिला" हे तुम्ही दोनदा लिहिलंय. तर मग मालकीचं घर हा त्याला आणण्याचा सर्वांत लांबचा रस्ता आहे. ६ शिल्लक असलेल्या महिन्यात तुम्ही त्याचं कॉलेज कसं करणार? त्याऐवजी दोन खोल्यांची जागा भाड्याने घ्या. तुम्ही विचारून पाहिलेलं भाडं ३० आहे. आजच्यापेक्षा ८ जास्त. तो १८ चा झाला की त्याला विचारा. आला तर त्याची खोली तयार, आणि घरी पाठवायचे १० तो तुमच्याकडेच असल्यामुळे त्याच्यावर थेट खर्च होतील. दरवाजाच्या चाव्या दोन, त्या कुणाकडे असतील हे भाडेकराराने तुम्ही ठरवाल. करार जमेल तितक्या लांब मुदतीचा करा, आणि मालकाने जागा खाली करायला सांगितली तर सामान हलवण्याचा खर्च त्या नऊ महिन्यांच्या शिल्लकीत आहेच.

याची किंमत काय, तर महिन्याची बचत ३४ वरून २६ वर येते. शिल्लकीतले ६०० बाजूला ठेवले की ४५० उरतात. त्यात दरमहा २६ घालत गेलात तर चार वर्षांत सतराशेच्या घरात पोचता. तोवर घराची किंमत ५ टक्क्यांच्या वेगाने सहा हजारांवर गेली असेल, आणि तिची वीस टक्के रक्कम अधिक सुरुवातीचा खर्च साधारण साडेसोळाशे होतो. म्हणजे २९ व्या वर्षी, शिल्लकीला हात न लावता आणि पर्सनल लोन न घेता तुम्ही घर घेऊ शकता. तोवर मन बदललं तरी पैसे तुमचेच. चार वर्षांत लागणार असलेला हा पैसा मुदत ठेवीसारख्या ठिकाणी ठेवा, शेअर बाजारात नको. आणि यात आरोग्य विम्याचा हप्ता कुठे दिसला नाही. नोकरीकडून मिळणारा विमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा वेगळा काढा, याच महिन्यात.

आईचा रात्री फोन येतो आणि तुम्ही जे असेल ते पाठवता, म्हणून तो १० चा आकडा कधी ४ असतो, कधी १९. रक्कम आधीच ठरवा, भावाची फी थेट त्याच्या शिक्षणसंस्थेत भरा, आणि रोख घरी जाणं थांबवा. रोख कुठे जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. "या महिन्याचे दिले आहेत" एवढं वाक्य फोनवर पुरे. कारण देऊ नका, कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो.

जामीनकीचं थोडक्यात. जामीनदार म्हणजे साक्षीदार, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक ठिकाणच्या कायद्यात जामीनदार हा कर्जदाराइतकाच देणेकरी असतो. हप्ते थकले की बँक तुमच्याकडे येते, तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीची तुमच्या नावावरची नोंद, खराब होतो, आणि चार वर्षांनी स्वतःचं गृहकर्ज मागायला जाल तेव्हा ही जबाबदारी तुमच्या नावावर आधीच मोजलेली असते. एकदा केलेली सही मागेही सहजासहजी घेता येत नाही. वडिलांना समजावत बसू नका. "मी कुणालाच जामीन राहत नाही" एवढं म्हणा, आणि आईमार्फत पुन्हा निरोप आला तर हेच वाक्य पुन्हा.

क्रेडिट रिपोर्टचा विषय निघालाच आहे तर तो या आठवड्यात मागवा. उधारीत बुडालेल्या घरांत मुलांच्या नावावर आणि ओळखपत्रांवर परस्पर कर्ज उचललं गेल्याची प्रकरणं माझ्यासमोर आली आहेत. आई-वडिलांना त्यात काही गैर वाटलेलं नसतं, ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर लगेच लेखी तक्रार करा. शिष्यवृत्तीचं ते जुनं खातं अजून चालू आहे का पाहा, असेल तर बंद करा. सगळ्या खात्यांना जोडलेला फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, नॉमिनी कोण आहे, मूळ कागदपत्रं कुठे आहेत, हेही तपासा. घरी असतील तर एखाद्या शांत दिवशी जाऊन घेऊन या, किंवा दुय्यम प्रतींसाठी अर्ज करा.

इसाराचे २५ गेलेत, ते तुम्हाला डाचताहेत, दिसतंय. पावती नीट वाचा, परताव्याची अट असेल तर लेखी मागणी करा, कर्ज अजून पक्कं मंजूर झालेलं नाही याचाही काही वेळा उपयोग होतो. परत मिळाले नाहीत तर सोडून द्या. तुमच्या एका महिन्याच्या बचतीपेक्षा ते कमी आहेत, आणि त्यांच्यासाठी ४००० चं कर्ज घेणं महागात पडेल. विक्रेत्याला महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे ना? दोन ओळींचा ईमेल पुरेल. फोन करू नका, तो तुम्हाला पुन्हा घर दाखवायला बोलावेल.