भरिताचं तेल आणि पुरीचं उरलेलं तेल

प्रश्न : आमच्याकडे भरीत, शेवभाजी म्हणजे तेलाचा हात सैल. घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो. ते बंद करून रिफाइंड सूर्यफूल घ्यावं का? कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या तळून उरलेल्या तेलाचं काय करावं? – एक वाचक, जळगाव

उत्तर : शेंगदाणा तेल बंद करू नका. त्यात एकेरी असंतृप्त मेद (हृदयाला तुलनेनं बरा मानला जाणारा मेद) भरपूर असतो आणि आपल्या फोडणीची आच ते सोसतं. हवं तर एक महिना शेंगदाणा, एक महिना करडई किंवा तीळ असं आलटूनपालटून वापरा.

खरी अडचण मापाची आहे. माणशी दिवसाला चार-पाच छोटे चमचे, म्हणजे चार जणांच्या घरात महिन्याला साधारण तीन लिटर. यात तूपही धरायचं! भाजीवर बोटभर तर्री तरंगली, की दिवसाचं हे माप एका जेवणातच संपतं. भरितासाठी मिरची-लसूण-शेंगदाणे दोन मोठ्या चमच्यांत परता. वांगं काटक्यांच्या जाळावर नीट भाजलेलं असेल तर चव तेलावाचून अडत नाही.

घाण्याच्या तेलाचा तळाशी बसलेला गाळ कढईत ओतू नका. तो आधी जळतो, धूर होतो. तळणीचं तेल निवल्यावर लगेच गाळा आणि दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. काळं, चिकट, फेसाळ झालं तर टाकून द्या. ताजं तेल मिसळून ते सुधारत नाही. वनस्पती तूप मात्र घरात नकोच.

मे महिन्यात डबा शेगडीजवळ ठेवलात तर तेल खवट होणारच. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो खरा, पण उन्हाळ्यात थोडं थोडंच आणा.