टोमॅटो: मुळं निरोगी, पण फळ बारीकच का?

प्रश्न: सूत्रकृमीला (मुळांवर गाठी आणणारी मातीतली बारीक कृमी) दाद न देणाऱ्या टोमॅटोचा आमच्या मोठ्या फळाच्या वाणाशी संकर केला. दुसऱ्या पिढीत २० झाडं लावली. मुळांना गाठी नाहीत अशा झाडांची फळं बारीकच आहेत. दुकानदार म्हणतो, टॉनिकचा डोस दुप्पट करा. करू का? संकराला अनुदान मिळेल का?

उत्तर: नका करू. दुप्पट टॉनिकने पानं करपतील, फळ वाढणार नाही. हा दोष बियाण्यातून आलाय.

सूत्रकृमीला रोखणारा 'एमआय' जनुक टोमॅटोत रानटी जातीतून आला. तो सहाव्या गुणसूत्रावर असतो आणि येताना शेजारचे जनुकही ओढून आणतो. बारीक फळाचा जनुक त्याच्या शेजारीच असावा. ही जोडी पराग आणि बीजांड बनताना सुटते, जोडीतली गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात तेव्हा. शेजारी जितका जवळ, तितकी सुटका दुर्मिळ.

२० झाडांत काय सापडणार? पहिल्या पिढीच्या संकरित झाडाचा मोठ्या फळाच्या वाणाशी पुन्हा संकर करा, म्हणजे बॅकक्रॉस. या दोन जनुकांमधली अदलाबदल १० टक्के असेल तर १०० रोपांत हवी तशी, म्हणजे गाठी नसलेली आणि मोठ्या फळाची, ५ मिळतील; सुटलेल्यांतली उरलेली ५ नेमकी उलटी असतात. १ टक्का असेल तर २०० रोपांत एक, आणि खात्रीसाठी ६०० तरी लावा. माझा आग्रह बॅकक्रॉसचाच, कारण फळाच्या आकाराला इतरही जनुक कारण असतात आणि तेही आपल्या वाणाकडे सरकतात. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी पुंकेसर काढा. उमललेल्या फुलावर संकर करू नका, ते स्वतःच फळून बसलेलं असतं.

निवडीच्या वाफ्यात 'सुरक्षेसाठी' सूत्रकृमीनाशक टाका, असंही कुणी सांगेल. अजिबात टाकू नका! औषधाने कमकुवत झाडही निरोगी दिसतं आणि तुम्ही चुकीचं बी धरता. हे मी अनेक शेतांत पाहिलंय. उन्हाळ्यातही निवड नको. माती २८ अंशांवर तापली की एमआय ढिला पडतो, चांगल्या झाडालाही गाठी येतात आणि नेमकं तेच उपटलं जातं. थंडीत निवडा.

निवडलेल्या झाडाचं बी वेगळं लावा. सगळी रोपं गाठींपासून मुक्त निघाली तरच ते शुद्ध धरा. चौथाई रोपांना गाठी आल्या तर अजून एक पिढी काढा.

बियाण्याच्या अनुदानाला सहसा खरेदीची पावती आणि पिशवीवरचा लॉट नंबर लागतो. घरच्या संकराला दोन्ही नसतात.