गरिबाची बाजू घेतली तर तो पक्षपात कसा?

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक बहिणीचं पत्र आलंय. ती महिला संघाची अध्यक्ष. संघातली एक विधवा म्हणते कर्जाचे ४,००० रुपये मी हिशोब बघणाऱ्या बाईच्या हातात दिले, ती म्हणते दिलेच नाहीत. हिशोबवाली कॉन्ट्रॅक्टरची बायको, घरात कन्नड. विधवा मराठी, पत्र लिहिणारीच्याच चर्चमधली. शुक्रवारी मिटिंगमध्ये निकाल द्यायचाय. "मावशी, मी गरिबाचीच बाजू घेणार, बायबल तेच सांगतं ना?"

बाळ, तुझा जीव तिच्यासाठी तुटतोय ते पत्रात दिसतंय आणि मला ते फार आवडलं, पण निकाल तू आधीच लावून बसलीयस की. बायबलातल्या लेवीय पुस्तकात १९:१५ काढून बघ. न्याय करताना गरिबाची भीड धरू नको, आणि मोठ्याचं तोंड बघू नको, आणि यात गरिबाचं आधी लिहिलंय बघ. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कठोरच वाटलेलं, मग त्याच अध्यायात जरा वर ९ आणि १० वचन वाचलं, शेताच्या कडेचं पीक पुरतं कापू नको, सरवा, म्हणजे कापणीत मागं पडलेलं धान्य, वेचू नको, तो गरिबाला आणि परक्याला राहू दे. तेव्हा उजेड पडला. गरिबाला द्यायचं ते आपल्या शेतातलं द्यायचं, दुसऱ्या बाईची अब्रू काढून तिच्या पदरात टाकायची नाही गं.

आणि भाषेचं. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात १:१६ मध्ये मोशे न्यायाधीशांना सांगतो, भाऊबंद असो की तुमच्यात राहणारा परका, नीट ऐकून न्याय करा. आपल्या बेळगाव भागात 'आपला माणूस' म्हटलं की आपले कानच बंद होतात, मराठीवाल्यांचे पण आणि कन्नडवाल्यांचे पण, त्यात चर्च एकच म्हटल्यावर तर विचारूच नको.

विधवा तुझ्या घरी येऊन रडली, तू ऐकलंस. हिशोबवालीकडं गेलीस का? नीतिसूत्रे १८:१७ म्हणतं, आधी बोलणारा खराच वाटतो, समोरचा येऊन उलट विचारेपर्यंत. तर शुक्रवारच्या आत जा, तिच्याशी कन्नडातच बोल, दोघींची पासबुकं आणि संघाचं रजिस्टर समोर ठेव, पैसे कुठल्या दिवशी दिले, तिथं कोण होतं ते विचार. दोन-तीन साक्षीदारांशिवाय कुणाला दोषी धरू नका असं अनुवाद १९:१५ मध्ये आहे. मिटिंगला एकीला खुर्ची आणि एकीला सतरंजी असं पण नको, याकोबानं त्याच्या पत्राच्या २ऱ्या अध्यायात नेमकं यावरूनच कान उपटलेत.

काहीच पुरावा निघाला नाही तर तसंच स्पष्ट सांग, कुणालाच खोटं ठरवू नको, आणि पुढं पैसे सगळ्यांसमोर घ्यायचे आणि तिथल्या तिथं पासबुकात सही, हा नियम करून टाका. त्या विधवेचा हप्ता भरायला तू चार जणींना घेऊन वर्गणी काढ, सुगीतलं तांदळाचं एक पोतं तुझ्याकडनं गेलं तरी चालेल, पण ते मिटिंग संपल्यावर, तिच्या घरी जाऊन.