वडिलांच्या कपाटातल्या 34 बाटल्या

प्रश्न: मी पुण्यात राहतो, वय 32. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटात व्हिस्की आणि रमच्या 34 सीलबंद बाटल्या आहेत. काही ड्यूटी फ्रीच्या, 9 गोव्याच्या, बाकी इथल्या दुकानातल्या. त्यांच्याकडे मद्य बाळगण्याचा आणि पिण्याचा आजीवन परवाना होता. अधूनमधून मित्रांसोबत एखादी उघडावी, बाकी जपाव्यात अशी इच्छा आहे. शेजारी तक्रारीची धमकी देतात. घरात आई आणि 23 वर्षांची बहीण असते. काय करू?

उत्तर: बाटल्या तुम्हाला वारशाने मिळाल्या, परवाना मिळाला नाही. तो वडिलांच्या नावाचा होता आणि त्यांच्याबरोबर संपला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 मध्ये बंदी हा नियम आहे आणि परवाना हा अपवाद. त्यामुळे आज हा साठा तुमच्याकडे विनापरवाना आहे, बिलं असली तरी. शिवाय ताब्यातल्या मद्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर कलम 103 नुसार न्यायालय गुन्हा घडल्याचं गृहीत धरू शकतं. म्हणून वडिलांची जुनी बिलं, परवान्याची प्रत, पासपोर्ट, जे सापडेल ते आजच एका फाइलमध्ये लावा.

पहिलं काम म्हणजे स्वतःचा परवाना. व्हिस्की-रमसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात, म्हणून बहिणीचं नाव यात आणू नका. आई स्वतः घेत असतील तरच त्यांचा परवाना काढा. तरीही 34 बाटल्या एका परवान्याच्या मर्यादेत बसणार नाहीत.

अशा वेळी बरेच जण दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालाचा आधार घेतात. तिथे एका घरात 132 बाटल्या सापडल्या होत्या, त्यात व्हिस्की, रम वगैरे 51.8 लिटर. दिल्लीच्या नियमात 25 वर्षांवरील प्रत्येकाला अशा मद्याची 9 लिटरची मुभा होती आणि घरात असे सहा जण होते, म्हणून गुन्हा रद्द झाला. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. दिल्लीचं माणशी गणित महाराष्ट्रात लागू होत नाही, इथे हिशेब परवान्यावर होतो.

आता बाटल्यांचे तीन गट करा. इथल्या दुकानातल्या सर्वांत सुरक्षित. ड्यूटी फ्रीच्या बाटल्यांना प्रवाशामागे 2 लिटरची सवलत असते, पण ती सीमाशुल्कापुरती. राज्याचा परवाना तरीही लागतोच. खरा धोका गोव्याच्या 9 बाटल्यांचा आहे. त्यांवर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नाही आणि परवानगीशिवाय राज्यात मद्य आणणं कलम 65 खाली गुन्हा आहे. त्या गाडीत घालून परत गोव्याला नेण्याचा विचार मुळीच करू नका, वाटेत पकडलात तर गाडीही जप्त होऊ शकते.

परवाना हातात आला की जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे अर्ज करा. सोबत मृत्यू दाखला, वडिलांच्या परवान्याची प्रत आणि प्रत्येक बाटलीचं नाव, बॅच क्रमांक, मिली आणि सीलची स्थिती लिहिलेली यादी जोडा. 'वडिलांच्या निधनानंतर घरात मिळालेला साठा' असा स्पष्ट उल्लेख हवा. गोव्याच्या बाटल्या आणि मर्यादेबाहेरचा साठा जमा करून घ्यावा अशी विनंती करा आणि पोच घ्या. हा अर्ज म्हणजे एका अर्थी ताब्याची कबुलीच आहे, म्हणून तो वकिलाने तपासल्याशिवाय देऊ नका. वर्ष का गेलं याचं खरं कारणही त्यात असू द्या.

तोवर एकही बाटली विकू नका. मित्रांकडून वर्गणी काढलीत तर तीही विक्री ठरवली जाऊ शकते. पुढे परवानाधारक म्हणून बोलवाल तेव्हाही प्रत्येक पाहुण्याकडे परवाना हवा, कारण आपल्या वाट्याचं मद्य विनापरवाना माणसाला देण्यास कलम 43 मनाई करतं. एक दिवसाचा परवानाही मिळतो.

संग्राहकांची एक आवडती सवय इथे अंगाशी येऊ शकते. उरलेले घोट एकाच बाटलीत जमवणं किंवा लाकडी पिंपात मुरवणं टाळा. कायद्याच्या 'निर्मिती'च्या व्याख्येत मिश्रणही येतं. डिकँटरमध्ये, म्हणजे मद्य वाढायच्या काचेच्या सुरईत, ओतलंत तर लेबल आणि बॅच क्रमांक, म्हणजे तुमचा पुरावाच सुटा होतो. मूळ बाटलीतच, अंधारात, उभी ठेवा. आडवी ठेवली तर तीव्र मद्याने बूच कुजतं आणि गळती होते. बाटली एक तृतीयांशावर आली की आतल्या हवेने चव उतरते, तेव्हा ती आधी संपवा.

शेजाऱ्यांशी वाद घालू नका. अधिकारी आलेच तर पंचनाम्यात नुसतं '34 बाटल्या' नको, प्रत्येकीचा तपशील आणि सीलची स्थिती लिहून घ्यायला सांगा. हरकत असेल तर सही करताना तिथेच लेखी नोंदवा.